प्रेमिलाच्या घरचं पाणी

मानेवाडा, नागपूर
९ जानेवारी २०२४

ती. आत्यास,
मिनलचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळे खुशाल आहोत. फोन असताना पोट्टी कागद काहून खराब करून राहिली, असं तू म्हणशीलच. पण तुमच्या घरात फोन एकच, बाबांचा; त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून तो कायम स्पीकरवर, आणि समोर पानठेल्यावरची चार माणसं कान टवकारून बसलेली. मला जे सांगायचं आहे ते त्या चौघांच्या साक्षीनं सांगता येणार नाही.

रितिका आता पालथी पडते आणि पडली की परत सुलटं होता येत नाही म्हणून भोकाड पसरते. ऋषिकेशची मिहानमधल्या कंपनीतली शिफ्ट बदलली. तो येतो तेव्हा आम्ही दोघी झोपलेल्या, आम्ही उठतो तेव्हा तो घोरत असतो. मी सदर भागातल्या ऑफिसात परत रुजू झाले. दमते वं आत्या. नुसती झोपेनं नाही, सगळ्यानंच दमते.

दिवाळीला आले नाही म्हणून तू रुसलीस. बाळाला प्रवास झेपणार नाही असं मी बाबांना सांगितलं, ते खोटं होतं. बाळंतपणात मी फाटले. शब्द वाईट आहे, पण डॉक्टरही तोच वापरतात. मूल ओढून काढावं लागलं आणि खालची जागा पार मागच्या वाटेपर्यंत फाटली. टाके घातले, ते नीट जुळले नाहीत. मला वारा आवरत नाही, पोट बिघडलं तर तेही आवरत नाही. बसमध्ये चार बायका बाजूला बसल्या की मी उठून दारापाशी उभी राहते. ऑफिसात दाराजवळची खुर्ची मागून घेतली, तर साहेबांना वाटलं मला घरी पळायची घाई.

जिथे बाळंत झाले त्यांनी, पहिल्या खेपेला असं होतंच, असं म्हणून वाटेला लावलं. शेवटी ऑफिसातल्या एकीनं डॉक्टर मेघा मॅडमचा पत्ता दिला. या मॅडम बुधवारी फक्त अशाच बाया तपासतात, बाळंतपणात फाटलेल्या, जखमा झालेल्या. तिथे नंबर लागायची वाट पाहताना एक बाई दिसली. बाकडं रिकामं होतं तरी ती पूर्ण वेळ भिंतीला टेकून उभी. हातात प्लास्टिकची पिशवी घडी करून धरलेली, कुठे बसावंच लागलं तर अंथरायला. आत्या, मला तू दिसलीस.

मी मॅडमना माझं सोडून तिचंच विचारलं. त्या म्हणाल्या, मूल अडून राहिलं की त्याच्या डोक्याखाली लघवीच्या पिशवीचं मांस दबून मरतं, तिथे भोक पडतं, आणि मग ती बाई जन्मभर ठिबकत राहते. ते भोक शिवता येतं. वर्षं उलटून गेली तरी शिवता येतं. मी बाहेर येऊन रडले, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

आई गेल्यावर तू मला वाढवलंस. मागच्या अंगणात तुझी फडकी वाळायची, वरून लुगडं पसरलेलं. मी कधी विचारलं नाही, तू कधी सांगितलं नाहीस. आता विचारते. येशील का नागपूरला?

बाकी ठीक. लोभ आहेच, तो असू दे. रागावलीस तर राग पत्रातच लिही, फोनवर नको.

तुझी,
मिनल


टेंभरी, ता. कुही
१९ जानेवारी

चि. सौ. मिनलले आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. पोस्टमननं दारातच उभं राहून इचारलं का नागपूरची पोट्टी बरी हाये नं. आजकाल पत्र आलं म्हंजे लोकायले वाईटच बातमी वाटते. मी त्याले चहा पाजून वाटेले लावला.

तुह्यं वाचून जीव कासावीस झाला. माह्या हातानं वाढवली पोरगी अन् तिच्यावरबी हेच यावं का, बाप्पा! त्या मॅडम जे सांगतीन ते कर. ऋषिकेशले सांगतलं का नाही? नसन सांगतलं तं आजच सांग. माह्या नवऱ्याले मी सांगतलं नाही, त्याले वासानं समजलं. अन् मंग तो मले कपड्याच्या थैलीसकट टेंभरीले सोडून गेला. तुहा नवरा तसा दिसत नाही, पण तोंडानं सांगतलेलं बरं.

आता माहं. इचारलंच हाये तं सांगून टाकते. लेकरू अडलं, लय वेळ अडलं, मेलेलंच निघालं. त्याच्यानंतर पाणी जे सुरू झालं ते बंद झालं नाही. तुह्या आजानं मले एकदा नागपूरले नेलं होतं, कोणत्या दवाखान्यात ते लिहत नाही. टेबलावर निजवलं, शिकणारे पोट्टे-पोट्ट्या भवताल उभे. मोठ्या डॉक्टरनं नाकाले रुमाल लावला. मी उठली, लुगडं सावरलं अन् बाहेर पायरीवर येऊन बसली. तुह्या आजाले सांगून देल्लं का यावर औषध नाही म्हणतात. बिचारा बुढा वाटभर डोळे पुसत आला.

मंग मी माही सोय लावून घेतली. घराबाहीर निंघाचं असन तं सकाळपासून पाणी नाही. कोणाच्या घरी बसाचं नाही, काय बोलाचं ते उभ्यानं. मिरचीचे देठ खुडाचं काम धरलं, काहून का तिथं ठसका एवढा असते का दुसरा वास कोणाच्या नाकात शिरतच नाही. तिखटानं खाली आग होते, ते सोसते. बाया म्हणतात शामलाबाई कामाची मोठी चिवट, पाणी प्यालेबी उठत नाही. आता काय सांगू त्यायले!

एकाच गोष्टीचं वाईट वाटते. तुले प्रेमिला आठवते नं, बुद्धविहाराजवळची, आंगणवाडी चालवे ते? सातवीपर्यंत आमी एका बाकावर. मी परत आली तवा पहिले तीच आली भेटाले. मंग मी तिच्याकडे जाओ, आंगणात उभी राहो, ती पाणी आणे, मी नाही म्हणो. एक दिवस तिनं तोंड फिरवलं ते फिरवलंच. वास गेला असन तिच्या नाकात. तिले दोष देत नाही. पण साऱ्या गावाचं नाही लागलं तेवढं मले तिचं लागलं.

तं बाई, माहं नको काढू. पन्नाशी गेली, आता उरली किती? तू तुही सांभाळ.

रितिकाच्या गालाले हात लावजो. माया आहे तशीच ठेवजो, मले सुधरवाच्या भानगडीत नको पडजो.

तुही,
शामलाआत्या


मानेवाडा
३१ जानेवारी

ती. आत्यास,
दंडवत, आणि दंडवतानंतर भांडण.

तुझं ऐकलं. ऋषिकेशला सांगितलं. तो म्हणाला, एवढे महिने मला वाटलं तू माझ्यावर रागावलीस म्हणून लांब झोपतेस. मला हसावं का रडावं कळेना. मॅडमनी व्यायाम दिलेत, आवळून धरायचे आणि सोडायचे, ते बसमध्ये बसूनही करता येतात. फरक पडून राहिला आहे. पुरतं बरं नाही झालं तर छोटं ऑपरेशन करू म्हणतात.

आता तुझं. मी मॅडमना त्या रुमालाची गोष्ट सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, लाज त्या डॉक्टरला वाटायला हवी होती आणि ती तुमच्या आत्या एवढी वर्षं वागवत आहेत. तुला त्या एकट्या तपासतील, शिकाऊ कोणी नाही, असा शब्द दिला आहे. मी खोटी आशा दाखवत नाही हं. त्या स्पष्टच बोलल्या. इतक्या वर्षांत लघवीची पिशवी आखडलेली असते, भोकाच्या कडा कडक झालेल्या असतात. पहिल्या खेपेला शिवलं ते टिकलं तर टिकलं, दुसऱ्यांदा फार अवघड. आणि टिकलं तरी खोकताना एखादा थेंब जाईल. मिरचीचं काम सोडावं लागेल, त्या ठसक्यानं टाके राहायचे नाहीत.

पण आत्या, थेंब आणि धार यात फरक आहे की नाही? रितिका सहा महिन्यांची झाली आणि तू तिला अजून मांडीवर घेतलं नाहीस. बारशाला बाबांच्या हाती झबलं पाठवलंस आणि स्वतः गुडघे दुखतात म्हणालीस. तुझे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत, ठाऊक आहे मला.

उरली किती म्हणतेस. तुझी आई ऐंशीपार जगली. म्हणजे अजून बरीच उरली, आणि ती तू उभ्यानं काढणार?

रागावले आहे, तरी तुझीच. उत्तर लवकर दे, लोभाचं नंतर बघू.

मिनल


टेंभरी
१४ फेब्रुवारी

चि. मिनलले आशीर्वाद.

तू मास्तरणीसारखी दटावते, कोणावर गेली कोणास ठाऊक. माह्यावरच गेली असन.

उत्तर द्याले उशीर झाला, काहून का मी चार वेळा नाही लिहलं अन् चार वेळा फाडलं. मंग परवा अशी गोष्ट झाली का मी मागं फडके धुवाले बसली. थंडी होती. एक फडकं पिळलं, दुसरं पिळलं, तिसऱ्याले हातच चालेना. बोटं वाकडी होऊन राहिली. मी तशीच बसून राहिली पाण्याजवळ. मनात आलं का मी आतापावतर किती फडके पिळले असन? मले बरं व्हाचं हाये म्हणून नाही सांगत, बरं व्हाचं मी कधीचंच सोडून देल्लं. मले धुवून धुवून थकवा आला, मिनल. एवढंच कारण हाये. चालत असन तं येते.

माह्या अटी ऐक. डॉक्टरनं नाकाले काहीबी लावलं तं मी उठून येईन, मंग तू भांडू नको. चंपतरावले फक्त पोटाचं ऑपरेशन म्हणून सांगजो, भाऊ असला तरी त्याच्यासंग हे बोलवत नाही. अन् गावात कोणाले म्हंजे कोणालेच सांगाचं नाही. शब्द दे.

बसमधी उभ्यानं येईन. कंडक्टरनं जागा देल्ली तं तूच सांग त्याले का बुढीले उभं राहाले आवडते.

लोभ कमी नको करजो, मी घाबरली हावो.

शामलाआत्या


मानेवाडा
११ मार्च

ती. प्रेमिलामावशी,
सप्रेम जयभीम.

मी चंपतरावांची मिनल. तुमच्या अंगणवाडीत खिचडी सांडून ठेवणारी, आठवत असेल. बाबा गावी येत आहेत, त्यांच्या हातीच पत्र देते, कारण तुमचा फोन तुमच्या मुलाजवळ असतो आणि हे बोलणं बाईनं बाईशी करायचं आहे.

शामलाआत्याचं पोटाचं ऑपरेशन आहे, २० तारखेला, बुधवारी. मॅडमनी तपासलं तेव्हा ती डोळे मिटून पडली होती. झाल्यावर तिनं मला एकच सांगितलं, या बाईनं तोंड फिरवलं नाही. दवाखान्यात जवळजवळ तीन आठवडे राहावं लागेल आणि बायकांच्या वॉर्डात पुरुषांना थांबू देत नाहीत. मला आई नाही, भावजय नाही. मांडीवर सात महिन्यांची पोर आणि सुट्टी म्हणाल तर ऑपरेशनाचा दिवस आणि आणखी एखादा.

तुम्ही आणि आत्या एका बाकावर शिकलात. आता बोलत नाही हे मला ठाऊक आहे, का ते विचारत नाही. तिच्याजवळ बसायला, वेळेवर पाणी पाजायला कोणीतरी आपलं माणूस हवं. याल का? राहणं-जेवण माझ्याकडे. रितिका रात्रभर जागवेल, तेवढं सहन करावं लागेल.

जुन्या ओळखीवर विसंबून मागते आहे. नाही म्हणालात तरी लोभ राहील.

आपली,
मिनल


टेंभरी
१६ मार्च

चि. मिनल,
जयभीम.

तुह्या बाबाच्या हातून पत्र भेटलं. तू खिचडी सांडे अन् दुसऱ्याचं नाव सांगे, हे मले चांगलं आठवते. तुह्यावर माहा राग नाही. पण मी येणार नाही. काहून नाही ते सांगते, मनात ठेवून काय कराचं आता.

शामला अन् मी एका बाकावर बसलो. तिची भाकर मी खाल्ली, माही तिनं खाल्ली. गावात तवा असं चालत नव्हतं, पण ती कोणाले भ्याली नाही. सासरून परत आली अन् काय झालं कोणास ठाऊक. माह्या घरी आली तं ओट्याखाली उभी. बस म्हटलं तं बसे नाही. पाणी आणलं तं हात मागं. भर उन्हात आली, ओठं वाळलेले, तरी घोट घेईना. मी नवा माठ आणला. गिलास राखेनं घासून चकचकीत केला, तिच्या समोर घासला. तरी नाही.

माही आजी सांगे, लोक विहिरीवर उंचावरून पाणी टाकत अन् तिनं खाली ओंजळ धराची. माह्या बापानं नागपूरले दीक्षा घेतली अन् आमी ते सारं मागं टाकून देल्लं. दुसऱ्या कोणी माह्या घरचं पाणी नाकारलं असतं तं मी त्याच्या तोंडावर बोलली असती. हिच्या तोंडावर मले बोलवलंच नाही. एक दिवस ती आंगणात आली अन् मी पाठ केली. घरात जाऊन लय रडली, ते तिले नको सांगू.

ती बरी होवो, हे मनापासून लिहते. पण तू म्हणते पाणी पाजाले माणूस पाहिजे. अवं पोरी, ती माह्या हातचं पाणी पेईन का? एवढ्या वर्षांनी पुन्हा तोच अपमान घ्याले मी नागपूरले काहून येऊ?

तुह्या लेकीले माहे आशीर्वाद. तुह्यासंग लोभ हाये, तो हिच्यापायी तुटू देणार नाही.

प्रेमिला


नागपूर
२४ मार्च

ती. प्रेमिलामावशी,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मी वॉर्डाच्या जिन्यात बसून वाचलं. वाचून झाल्यावर उठवेना. मी आत्याला कोणाला न सांगायचा शब्द दिला आहे. तो आज मोडते. शिव्या घालायच्या तर तिनं मला घालाव्यात.

मावशी, आत्याचं मूल अडून मेलं त्या बाळंतपणात तिच्या लघवीच्या पिशवीला भोक पडलं. तेव्हापासून तिची लघवी थांबत नाही, दिवसा नाही, रात्री नाही. ती बसत नव्हती कारण जिथे बसेल तिथे ओलं होईल. पाणी पीत नव्हती कारण प्यायलेलं लगेच ठिबकेल. तुमच्याच घरी नाही हो, कोणाच्याच घरी पीत नव्हती. माझ्या लग्नात दिवसभर तिनं घोट घेतला नाही आणि आम्ही समजलो आत्याचा उपास आहे. तिनं मला जानेवारीत लिहिलं होतं, ते तसंच सांगते. प्रेमिलानं तोंड फिरवलं, वास गेला असेल तिच्या नाकात, दोष देत नाही, पण साऱ्या गावाचं लागलं नाही तेवढं तिचं लागलं. दोघी आपापल्या घरात रडलात, मावशी.

आता खरं संकट ऐका. बुधवारी ऑपरेशन झालं, चांगलं झालं. आता नळी लावली आहे, ती खाटेखालच्या पिशवीत जाते. मॅडमनी बजावलं होतं की पाणी भरपूर पाहिजे, नळी वाहती राहिली पाहिजे. वाहणं थांबलं की नळी तुंबते, आत फुगतं आणि टाके उसवतात. आत्यानं मान डोलावली. मी ऑफिसला गेले. पण ती पिशवी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते, भरली की आयाबाई लांबून ओरडते, शामलाबाईची पिशवी भरली! आत्याला ते सोसेना. तिनं आपला जुनाच उपाय केला, पाणी बंद. दिलेला गिलास खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत. काल सकाळी नळी तुंबली, पोट दगडासारखं टणक. मॅडम धावत आल्या, पिचकारीनं नळी मोकळी केली. टाके अजून धरून आहेत. पुन्हा तुंबली तर धरणार नाहीत आणि मग पुन्हा शिवायला तिथे काही उरणार नाही, असं त्या म्हणाल्या.

मी आत्यावर ओरडले. भर वॉर्डात ओरडले, नंतर माझीच मला लाज वाटली. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, न प्यायचं शिकायला मला आयुष्य लागलं, ते तू चार दिवसांत विसर म्हणतेस. माझ्यासमोर पिते, मी वळले की कुंडीत. मला ती फसवू शकते, मला तिनंच वाढवलं आहे. तुम्हाला नाही फसवता यायचं.

बाबा पत्र देतील आणि उद्या सकाळच्या बसनं परत येतील. जमलं तर त्यांच्यासोबत या. मी फार थकले आहे, मावशी. लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर लहान समजून पोटात घाला.

तुमची,
मिनल


टेंभरी
२६ मे

चि. मिनलले आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तू रोज फोनवर तब्येत इचारते अन् मी रोज बरी हावो सांगते, पानठेल्यावरच्या चौघायले आता पाठ झालं. पण खरं काय ते कागदावरच सांगता येते, आपल्या दोघींले सवयच लागली.

शब्द मोडला म्हणून दवाखान्यात मी तुह्यासंग बोलली नव्हती, तो राग आता काढून टाकते. प्रेमिला त्या दिवशी वॉर्डात आली, ते तू पाह्यलं नाही, तू ऑफिसात होती. ती दारातून सरळ माह्या खाटेजवळ आली. मी डोळे मिटले, वाटलं आता ही नाकाले पदर लावते. तिनं खाटेखालून पिशवी उचलली, नीट पाह्यली, परत ठेवली. मंग गिलास भरला, अर्धा सोता प्याली अन् अर्धा माह्यासमोर धरला. इचारलं का माहं उष्टं चालते का तुले. मिनल, मी तो गिलास दोन्ही हातानं धरला. रडणं असं आलं का पाणी नाकात गेलं. ती म्हणे खोकू नको, टाके तुटतीन, अन् सोताच रडून राहिली. तवापासून रोज तसंच, अर्धा तिचा, अर्धा माहा. दिवसभर ती मले पाजे अन् मंग दोघी खिडकीतल्या तुळशीकडे पाहून हसो. आयाबाई ओरडली का शामलाबाईची पिशवी भरली, तं प्रेमिला तिच्याहून मोठ्यानं म्हणे, भरली तं भरली, आमचं काम चालू हाये!

आता इथली हालत. मॅडम बोलल्या तसंच हाये. शिंक आली तं थेंब जाते. घडीघडी लागते, निजल्यावरबी उठावं लागते. मिरचीचं काम सोडलं, घरात बसून अंग जड झालं, अन् कधी कधी तं वाटते एवढं सारं कोणासाठी केलं. थकवा एकदम जात नाही, बाई, तो लय वर्षांचा हाये. पण मागच्या आंगणात आता फडके नाही वाळत. तुह्या बाबानं परवा तिथं पाह्यलं अन् दोरी सोडून गुंडाळून ठेवली. त्याले सारं ठाऊक होतं, मिनल. कोणी सांगत नव्हतं म्हणून तो इचारत नव्हता.

काल मी प्रेमिलाकडे गेली. दुपारची, उन्हाचे चटके लागून राहिले होते, पाय आपोआप आंगणातच थांबले. सवय. ती दारात आली पण ये म्हटलं नाही, पाहतच राहिली. मंग मी आपणहून ओटा चढली अन् घरात गेली. तिच्या सुनेनं दिवाणावर नवी चादर टाकली होती, पांढरी, त्यावर निळे फुलं. मी त्या चादरीवर बसली. पुरी बसली, कडेले टेकून नाही. अन् सोता तोंडानं पाणी मागतलं. प्रेमिलानं तोच गिलास आणला, राखेनं घासलेला. पुरा प्याली. दुसरा मागतला, तोबी प्याली. सून म्हणे आत्याबाईले लय तहान लागली होती. प्रेमिला तिच्यावर उगाचच खेकसली का जा, चहा ठेव.

थोड्या वेळानं मले लागली. मिनल, हे तुले समजन का नाही ठाऊक नाही. लागली, अन् थांबली. मी मुद्दाम बसून राहिली. सून काहीतरी सांगत होती, मी मान हलवत होती, पण लक्ष सारं माह्या पोटात. चहा आला, तो प्याली. मंग मी सावकाश उठली अन् सुनेले इचारलं का तुमचं बाथरूम कोणीकडे हाये. सासरून आल्यापासून कोणाच्याच घरात मी हे इचारलं नव्हतं.

परत आली तं प्रेमिला दिवाणाजवळ उभी. मी जिथं बसली होती तिथं तिचा हात, चादरीवर पसरलेला. तिनं माह्याकडे पाह्यलं अन् नुसती मान हलवली. मीबी हात लावून पाह्यला. कोरडी होती वं, पार कोरडी.

पुढच्या सोमवारी तुह्याकडे येते. बसमधी जागा भेटली तं बसून येईन. माया आहे तशीच ठेवजो, रितिकाले माह्या मांडीवर देजो, अन् मी दारात आली का सगळ्यात पहिले पाणी इचारजो.

तुही,
शामलाआत्या